चालू कामांची यादी

कुठल्याही संस्थेत आढाव्याला गेलं की पहिल्याच दिवशी एक तक्ता पुढे ठेवला जातो. कामाचं नाव, मंजुरीचं वर्ष, मंजूर रक्कम, झालेला खर्च, प्रगतीची टक्केवारी आणि शेवटच्या रकान्यात रंग: हिरवा, पिवळा, लाल. बहुतेक रकाने हिरवे असतात. तक्ता करणारा खोटारडा असतो असं मुळीच नाही. त्याने प्रत्येक काम सुधारित वेळापत्रकाशी ताडून पाहिलेलं असतं, आणि ते वेळापत्रक गेल्याच तिमाहीत सुधारलेलं असतं. मग रकाना हिरवा होणार नाही तर काय!

नगरपालिका, कारखाने, विश्वस्त संस्था अशा तऱ्हेतऱ्हेच्या ठिकाणी हे तक्ते पाहून माझं एक मत झालं आहे. एकेका कामाची प्रगती तपासून संस्था आपला सगळा पसारा कसा सांभाळते हे कळत नाही. त्यासाठी दोनच आकडे मागावेत. आज हातात कामं किती, आणि वर्षाला पुरी किती होतात? पहिल्याला दुसऱ्याने भागलं की एक काम या यादीत साधारण किती वर्षं काढतं ते समोर येतं. रांगांच्या गणितात हा संबंध जॉन लिटल यांनी 1961 मध्ये सिद्ध केला. यादी वर्षागणिक फुगत असेल तर उत्तर ढोबळ येतं, पण वाद संपवायला तेवढं पुरतं.

हा भागाकार भल्यामोठ्या प्रमाणावर करायची संधी एकदा रेल्वेनेच दिली होती. 8 जुलै 2014 रोजी रेल्वेमंत्री सदानंद गौडा यांनी अर्थसंकल्पी भाषणात आपल्याच खात्याची यादी संसदेत वाचून दाखवली. आधीच्या तीस वर्षांत 676 प्रकल्प मंजूर झाले होते. पुरे झाले 317. उरलेल्या 359 प्रकल्पांसाठी लागणार होते 1 लाख 82 हजार कोटी रुपये. शेवटच्या दहा वर्षांत नव्या मार्गांचे 99 प्रकल्प मंजूर झाले, त्यांतला फक्त एक पुरा झाला. आता भागा. तीस वर्षांत 317, म्हणजे वर्षाला साडेदहा. या गतीने, एकही नवं काम न घेता, उरलेली यादी संपायला 34 वर्षं लागली असती. संसदेत असे आकडे सत्तांतरानंतरच ऐकू येतात हे खरं. यादी आदल्यांची असली की वाचताना आवाज स्वच्छ लागतो. तरीही एखाद्या संस्थेने आपला पसारा इतक्या उघडपणे मांडल्याचं उदाहरण मला दुसरं चटकन आठवत नाही.

असं का होतं याचं कारण फार गूढ नाही. मंजुरी द्यायला त्या दिवशी काही पडत नाही. वर भूमिपूजन होतं, फोटो येतो, एका जिल्ह्याचं समाधान होतं. काम यादीतून काढायचं म्हटलं की मोर्चा येतो. म्हणून मधला मार्ग निघतो: काम काढायचंही नाही आणि पुरंही करायचं नाही, नुसतं जिवंत ठेवायचं. रेल्वेच्या ‘पिंक बुक’मध्ये, म्हणजे कामनिहाय तरतुदींच्या पुस्तकात, एखाद्या मार्गापुढे वर्षाची तरतूद म्हणून एक हजार रुपये लिहिलेले सापडतात, ते यासाठीच. हजार रुपयांत रूळ सोडा, मोजणीदाराचा एक दिवस निघणार नाही; पण लेखाशीर्ष बंद पडत नाही आणि खासदाराला ‘काम मंजूर आहे’ असं सांगता येतं. पाटाचं पाणी सगळ्यांच्या शेतात एकाच वेळी सोडलं तर कुणाचीच सरी भरत नाही, म्हणून शेतकरी पाळ्या लावतात. संस्थांना पाळी लावणं अवघड जातं, कारण ज्याची पाळी उशिरा त्याला तसं तोंडावर सांगावं लागतं.

एका नागरी संस्थेत मी विचारलं होतं, गेल्या पाच वर्षांत मंजूर झालेलं कुठलं काम तुम्ही विचारपूर्वक यादीतून काढलंत? प्रमुखांनी लेखाधिकाऱ्याकडे पाहिलं, लेखाधिकाऱ्याने अभियंत्याकडे. अभियंता म्हणाला, ‘‘काढलं असं नाही म्हणता येणार साहेब, प्रलंबित आहे.’’ ते प्रलंबित काम मग मी जाऊन पाहिलं. पाणीयोजना होती. पाइप आधीच्या वर्षीच घेतलेले, कारण निधी 31 मार्चच्या आत खर्ची पडायला हवा होता. टाकीची जागा मात्र ताब्यात आलेली नव्हती. पाइप एका भाड्याच्या आवारात रचून ठेवलेले, तोंडांवरच्या प्लास्टिकच्या टोप्या उन्हाने तडकलेल्या, आतून गवत वर आलेलं. आवाराचं भाडं दरमहा जात होतं, दोन रखवालदारांचा पगारही. तक्त्यात हे काम ‘भौतिक प्रगती 40 टक्के’ होतं. पाइप खरेदी झाली ना, मग तेवढे टक्के झाले! भिजत घोंगडं फुकट पडून राहत नाही, त्याचा खर्च फक्त दुसऱ्या लेखाशीर्षाखाली पडतो.

संस्थांची प्रगल्भता मोजायची तयार परिमाणं आहेत. अमेरिकेतल्या प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूटने 2003 मध्ये असं एक प्रसिद्ध केलं. इतरही आहेत, बहुतेकांत पाच पायऱ्या असतात. निवड समिती आहे का, निकष लिहिलेले आहेत का, आढावा ठरल्या तारखेला होतो का, असं त्यांत विचारतात. प्रश्न योग्यच आहेत. पण समितीने आजवर कधी ‘नाही’ म्हटलं का, हे इतिवृत्तं चाळल्याशिवाय समजत नाही, आणि इतिवृत्तं चाळायला कुणाला वेळ नसतो.

या विषयावर बोलताना कोकण रेल्वेचं नाव हमखास निघतं. 1990 मध्ये महामंडळ स्थापन झालं आणि 26 जानेवारी 1998 पासून सह्याद्रीच्या कुशीतला सुमारे 740 किलोमीटरचा मार्ग पूर्ण खुला झाला. महामंडळाचे तेव्हाचे प्रमुख ई. श्रीधरन यांचं कर्तृत्व वादातीत आहे. पण त्या महामंडळाच्या हातात काम एकच होतं. पैसा रोख्यांतून उभा केलेला, भांडवल केंद्र आणि महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक, केरळ या राज्यांचं, त्यामुळे तो दुसऱ्या मार्गाकडे वळवायची सोयच नव्हती. पसारा सांभाळण्याचं श्रेय इथे द्यायचंच तर हा मार्ग मोठ्या यादीतून बाहेर काढून स्वतंत्र करणाऱ्यांना द्यावं लागेल.

इथवर हिशेब सरळ आहे: कमी कामं घ्या, घेतलेली पुरी करा, उरलेली काढून टाका. माझं या सल्ल्याबद्दलचं समाधान मात्र बीडपाशी अडखळतं. अहमदनगर (आताचं अहिल्यानगर)–बीड–परळी हा 261 किलोमीटरचा मार्ग 1995-96 मध्ये मंजूर झाला, तेव्हाचा अंदाज 353 कोटींचा. पुढे खर्च 4,805 कोटींवर गेला आणि राज्य सरकारने निम्मा वाटा उचलला. महागाई वजा केली तरी यातला मोठा भाग रखडण्याचाच. आष्टीपर्यंत गाडी धावली सप्टेंबर 2022 मध्ये. बीड शहरात ती पोचली 17 सप्टेंबर 2025 रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी. समजा 2000 साली माझ्यासारख्या कुणी कात्री हातात घेतली असती, तर पहिला घाव कुणावर पडला असता? परताव्याच्या निकषावर ऊसतोडीला बाहेर जाणाऱ्या माणसांचा कोरडवाहू जिल्हा तळाशीच राहिला असता. यादी सुटसुटीत झाली असती, पाच पायऱ्यांतली एखादी पायरी वर चढता आली असती, आणि बीडला आजही रेल्वे नसती. हजार-पाचशेच्या तरतुदींवर तग धरलेलं काम कधीतरी पुरं होतं, आणि तेव्हा चिकाटी शिस्तीपेक्षा शहाणी ठरते.

यावर माझ्याकडे पक्कं उत्तर नाही. एक मात्र मी हल्ली आढाव्यात आवर्जून पाहतो: काम मागे ठेवलं तर कोणत्या कारणाने, आणि ते ज्यांचं काम त्यांना कळवलं का? एका विश्वस्त संस्थेच्या फाइलीत असं पत्र मिळालं. गावाच्या शाळेची इमारत यंदा आणि पुढच्या वर्षीही होणार नाही, निधी दुसऱ्या दोन गावांना दिला आहे, कारण तिथे मुली पाचवीनंतर शाळा सोडतात. तुमची पाळी त्यानंतर, तोवर छप्पर दुरुस्तीचे पैसे पाठवत आहोत. खाली कार्यवाहांची सही. मागच्या बाजूला सरपंचांचं उत्तर पेन्सिलीने लिहिलेलं होतं, चांगलंच रागावलेलं. त्या संस्थेचा रंगीत तक्ता मी नंतर पाहिलाच नाही.