‘नाही’ ऐकण्याचा हक्क

प्रिंटरचा हिरवा दिवा लागलेला आहे. शाई आहे, कागद आहे, केबल नीट बसलेली आहे. कालपर्यंत हाच प्रिंटर मुकाट्याने पानं काढत होता. रात्री संगणकावर नवी ऑपरेटिंग सिस्टीम आली आणि सकाळपासून ती त्याला ओळखच देईना. मोडलेलं काहीच नाही, तरी काम होत नाही. कंपनीच्या साइटवर त्या मॉडेलसमोर एकच ओळ आहे: ‘ड्रायव्हर लवकरच उपलब्ध होईल.’

या ‘लवकरच’बद्दल बोलायचं आहे.

ड्रायव्हर म्हणजे दुभाष्या. ऑपरेटिंग सिस्टीमला फक्त ‘छाप’ म्हणता येतं. या विशिष्ट प्रिंटरमध्ये शाई कधी सोडायची, कागद किती सरकवायचा, हे तिला ठाऊक नसतं. ते समजावून सांगणारा प्रोग्राम म्हणजे ड्रायव्हर, आणि तो बहुधा यंत्र बनवणारी कंपनी लिहिते. सिस्टीमचे आतले नियम बदलले की दुभाष्याला ते नव्याने शिकावे लागतात. तोवर दोन्ही बाजू धडधाकट असतात, फक्त बोलणं बंद असतं.

इथे एक जुनाच प्रश्न नव्या कपड्यांत उभा राहतो. वस्तू तुमची आहे. पैसे दिलेत, पावती आहे. पण तिचं चालणं दुसऱ्या कुणाच्या उद्याच्या श्रमावर अवलंबून आहे. मग तुम्ही नेमकं काय विकत घेतलं? आणि असं ताटकळत बसलेल्या माणसाचं कुणी काही देणं लागतं का?

एक खरी गोष्ट घेऊ. विंडोज व्हिस्टा ३० जानेवारी २००७ रोजी सर्वसामान्यांसाठी बाजारात आली. त्याआधीची एक्सपी २००१ची, म्हणजे मध्ये पाच वर्षांहून जास्त काळ गेलेला. व्हिस्टात ग्राफिक्सच्या ड्रायव्हरची रचना बदलली होती, आवाजाची यंत्रणा नव्याने लिहिली होती आणि ६४ बिट आवृत्तीत सिस्टीमच्या गाभ्यात चालणाऱ्या ड्रायव्हरवर डिजिटल स्वाक्षरी सक्तीची केली होती. यामागची कारणं चुकीची नव्हती. गाभ्यात शिरलेला एक खराब ड्रायव्हर अख्खा संगणक बंद पाडू शकतो. पण परिणाम असा झाला की चांगले चालते स्कॅनर आणि प्रिंटर समोर ठेवून लोक वाट पाहत बसले.

‘व्हिस्टा केपेबल’ असं स्टिकर लावलेल्या काही संगणकांवर व्हिस्टा धड चालत नाही, अशा तक्रारीवरून अमेरिकेत मायक्रोसॉफ्टवर खटला झाला. त्यात २००८ साली कंपनीचे अंतर्गत ईमेल उघड झाले. कंपनीचे माजी अध्यक्ष आणि तेव्हा संचालक मंडळावर असलेले जॉन शर्ली त्यात लिहितात की आपल्या प्रिंटर-स्कॅनरसाठी ड्रायव्हरच मिळत नाहीत, म्हणून एका संगणकावर व्हिस्टा टाकायचं थांबवलं आहे. म्हणजे रांगेत खुद्द घरचाच माणूस उभा होता! विंडोजची धुरा सांभाळणाऱ्या स्टीव्हन सिनॉफ्स्की यांनी त्यावर दिलेलं कारण फार बोलकं आहे. ही सिस्टीम खरोखर कधी बाहेर पडेल यावर कुणाचा विश्वासच नव्हता, म्हणून इतरांनी कामाला हात घातला तो थेट २००६च्या अखेरीस.

हे उत्तर पुन्हा एकदा वाचा. उशिराचं हे कारण तंत्रज्ञानातलं नाही. व्हिस्टाची तारीख इतक्या वेळा पुढे ढकलली गेली होती की तारखेला काही वजनच उरलं नव्हतं. शब्द मोडला एकाने, त्यावर विश्वास ठेवायचं सोडलं दुसऱ्याने आणि दंड भरला तिसऱ्याने. त्या तिसऱ्याला तर कुणी शब्दही दिला नव्हता.

मग दोष कुणाचा? सिस्टीम बनवणारे म्हणतात, आम्ही चाचणी आवृत्त्या आधीच खुल्या केल्या होत्या. यंत्र बनवणारे म्हणतात, नियम शेवटपर्यंत बदलत होते आणि हे मॉडेल तर जुनं आहे. दुकानदार म्हणतो, मी दिलं तेव्हा चालत होतं. यातलं कुणीच खोटं बोलत नाही. डेनिस थॉम्प्सन या अमेरिकी अभ्यासकाने १९८० साली सरकारी अधिकाऱ्यांच्या नैतिक जबाबदारीबद्दल लिहिताना याला ‘अनेक हातांचा प्रश्न’ असं म्हटलं होतं. काम इतक्या हातांतून जातं की परिणाम घडतो, पण तो कुणाचाच राहत नाही. आपण अशा वेळी टोलवाटोलवी म्हणतो. पण टोलवाटोलवीत निदान कुणीतरी लबाडी करत असतं. इथे प्रत्येक जण आपापल्या जागी प्रामाणिक असूनही घोंगडं भिजतच राहतं.

कंपन्यांची बाजूही नीट ऐकायला हवी. ड्रायव्हर लिहायला इंजिनिअर लागतात, त्यांना पगार लागतो. दहा वर्षांपूर्वी एकदाच घेतलेल्या किमतीत एखाद्याला जन्मभर सेवा मिळावी हा हट्ट न्याय्य नाही. तो खर्च शेवटी नव्या गिऱ्हाइकांच्या खिशातूनच जाणार. शिवाय घाईत लिहिलेला ड्रायव्हर न लिहिलेल्यापेक्षा वाईट ठरू शकतो. त्याच खटल्यात बाहेर आलेल्या एका तक्त्यात व्हिस्टाच्या नोंदलेल्या क्रॅशपैकी सुमारे २९ टक्के एनव्हिडियाच्या ड्रायव्हरच्या नावावर होते. तेव्हा नुसतं वाट पाहायला लागणं हा अन्याय नाही. कधीकधी तीच काळजी असते.

दुसरा युक्तिवाद मात्र पटत नाही. ‘नवी सिस्टीम घ्या असं कुणी सांगितलं होतं?’ विंडोज १०चे नेहमीचे मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. नवा संगणक घेतला तर त्यावर नवीच सिस्टीम येते. जुन्या घरात राहायला हरकत नाही, फक्त दाराचं कुलूप आम्ही काढून नेतोय, असं म्हटल्यावर राहणाऱ्याला निवड उरते असं म्हणता येत नाही.

मग देणं नेमकं कशाचं? मला वाटतं, ड्रायव्हरचं नव्हे, उत्तराचं.

आपल्याकडे दुकानात पाटी असते, ‘आज रोख, उद्या उधार’. तिची गंमत अशी की ती कधीच खोटी ठरत नाही, कारण ती वाचावी तेव्हा आजच असतो. ‘लवकरच’ हा शब्द तसाच आहे. त्याला तारीख नाही, म्हणून तो मोडता येत नाही. पण उधारीच्या पाटीला सगळे हसतात, कारण खरं काय ते दोघांनाही ठाऊक असतं. ‘लवकरच’च्या बाबतीत ते एकालाच ठाऊक असतं.

शेतकरी पावसाची वाट पाहतो तेव्हा त्याचं नुकसान होतं, पण त्याची कुणी फसवणूक करत नाही. पावसाला स्वतःलाही माहीत नसतं. कंपनीला माहीत असतं. कुठल्या मॉडेलसाठी काम करायचं आणि कुठली सोडून द्यायची, हे एका बैठकीत ठरलेलं असतं. जे ठरलं आहे ते न सांगणं, हा माझ्या मते यातला खरा अपराध आहे. आणि खरोखरच ठरलं नसेल, तर ‘अमुक तारखेला सांगतो’ एवढं तरी म्हणता येतंच.

‘नाही’ ऐकलं की माणूस मोकळा होतो. तो स्कॅनर विकतो, नाहीतर जुना संगणक त्याच्यापुरता ठेवून देतो, नाहीतर लिनक्स शिकतो. त्याला राग येतो, पण निर्णय त्याच्या हातात येतो. ‘लवकरच’ ऐकलेला माणूस यातलं काहीच करू शकत नाही, कारण कदाचित उद्या येईल. ‘नाही’ म्हणण्याची किंमत कंपनीला पडते, नाव खराब होतं. ‘लवकरच’ म्हणण्याची किंमत वाट पाहणाऱ्याला पडते. स्वतःचा खर्च न विचारता दुसऱ्याच्या अंगावर टाकणं याला एरवी आपण काय म्हणतो, ते सांगायला नको.

‘नाही’ म्हटल्यावर आणखी एक देणं उरतं. आपण दार उघडणार नसू, तर किल्ली खिशात घालून जायचं नाही. १९८०च्या सुमारास एमआयटीच्या प्रयोगशाळेत झेरॉक्सचा लेझर प्रिंटर आला. जुन्या प्रिंटरचा प्रोग्राम रिचर्ड स्टॉलमन यांनी सुधारला होता, कागद अडकला की लोकांना संदेश जायचा. नव्याचा सोर्स कोडच मिळेना. ज्याच्याकडे होता त्याने गोपनीयतेच्या कराराचं कारण सांगून नकार दिला. पुढे १९८३ साली स्टॉलमन यांनी जाहीर केलेल्या ग्नू प्रकल्पामागे या अनुभवाचाही वाटा होता. आणि व्हिस्टा आली त्याच जानेवारी २००७ मध्ये लिनक्सचे एक प्रमुख विकासक ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी कंपन्यांना जाहीर सांगितलं: तुमच्या यंत्राची माहिती द्या, ड्रायव्हर आम्ही फुकट लिहून देतो. एड हॅमरिक यांचं व्ह्यूस्कॅन हे सॉफ्टवेअर तर कंपन्यांनी वाऱ्यावर सोडलेले कितीतरी स्कॅनर आजही चालवतं. म्हणजे काम करायला माणसं असतात, अडतं ते माहितीपाशी. यंत्रातला एखादा भाग दुसऱ्या कंपनीचा असेल, तिच्याशी करार असेल, हे मान्य. पण बंद झालेल्या मॉडेलच्या बाबतीत हे कारण दर वेळी खरं असतं असं नाही.

हा फक्त जुन्या प्रिंटरचा विषय नाही. हे ज्या फोनवर वाचताय, त्याच्या चिपचेही ड्रायव्हर असतात. अँड्रॉइडची नवी आवृत्ती आल्यावर ती तुमच्यापर्यंत पोहोचायला उशीर होतो, त्याचं एक मोठं कारण हेच. गूगलने २०१७ साली ‘प्रोजेक्ट ट्रेबल’ आणून सिस्टीम आणि चिपचा भाग वेगळे केले, ते ही साखळी सैल करण्यासाठी. पण त्याहून मला महत्त्वाचा वाटतो तो ब्रिटनचा कायदा. २९ एप्रिल २०२४पासून तिथे इंटरनेटला जोडली जाणारी वस्तू विकणाऱ्याला सुरक्षा अपडेट किमान कधीपर्यंत देणार हे जाहीर करावं लागतं. किती वर्षं द्यायचे ते हा नियम सांगत नाही. फक्त सांगा, एवढंच म्हणतो. युरोपीय संघाने २० जून २०२५पासून पुढचं पाऊल टाकलं आणि फोनसाठी वर्षांची किमान मर्यादाही घातली. ‘लवकरच’च्या जागी तारीख आली, की गिऱ्हाईक आणि कंपनी पुन्हा बरोबरीने बोलू शकतात.

तेव्हा पुढचा फोन घेताना कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलइतकीच अपडेटची शेवटची तारीखही विचारा. दुकानदाराला माहीत नसेल तर निदान त्याच्या लक्षात येईल की हे विचारणारी माणसं असतात. आणि हे वाचणाऱ्यांपैकी काही जण हिंजवडीत नाहीतर बंगळुरूत नेमकं हेच काम करत असतील. एखाद्या बैठकीत जुन्या मॉडेलच्या नावावर काट मारली जाईल तेव्हा ती थांबवणं कदाचित तुमच्या हातात नसेल. पण ‘हे आजच साइटवर लिहूया का?’ एवढं विचारायला हुद्दा लागत नाही.