बियाण्याची वहिवाट

आमच्या अलिबागकडच्या घरी माजघराच्या कोनाड्यात कडव्या वालाचे एक मडके असे. चुलीतल्या चाळलेल्या राखेत घोळलेले बी त्यात आई वर्षभर राखी, आणि दिवाळी उलटून भातकापणी आटोपली, की जमिनीत मागे राहिलेल्या ओलीवर परसात ते टोकी. हे बी तिला सासूकडून मिळालेले. सासूला कोणाकडून, हे सांगणारे कोणी उरले नव्हते. तरीही ‘हा आपला वाल’ असे ती निःशंकपणे म्हणे. त्या ‘हा’मध्ये आणि ‘आपला’मध्ये केवढा तत्त्वप्रश्न आहे, हे मला स्वतः परस सांभाळू लागल्यावर उमगले.

कारण पेरलेला दाणा पाचसहा दिवसांत मातीचे कवच फोडून दोन जाड दळांच्या रूपाने वर येतो, रोपाला आपले सर्वस्व देतो आणि सुरकुतून गळून पडतो. माघ-फाल्गुनात शेंगेत जो दाणा भरतो, तो त्या वर्षीच्या मातीचा, पाण्याचा आणि उन्हाचा असतो. आजीच्या दाण्यातला कण त्यात शोधून सापडायचा नाही. मग तोच वाल म्हणावयाचे कशाच्या आधारावर?

आपल्या दर्शनकारांनी हा वाद नेमका बियावरच घातला आहे. बौद्ध नैयायिकांचे म्हणणे असे, की कणगीतले बी आणि शेतातले बी एक नव्हेच. वस्तू क्षणोक्षणी नवी होते, आणि अंकुर उपजवण्याचे सामर्थ्य, ज्याला ते कुर्वद्रूप म्हणतात, ते अंकुरापूर्वीच्या अखेरच्या क्षणातल्या बियातच असते. मिथिलेच्या उदयनाचार्यांनी ‘आत्मतत्त्वविवेका’त याचे खंडन केले: बी तेच असते, माती-पाणी-ऊब हे सहकारी जुळले की ते अंकुरते, न जुळले तर पडून राहते. माझी साक्ष येथे उदयनांच्या बाजूने आहे. एकाच मडक्यातले वाल मी एकाच रात्री भिजवतो; सकाळी त्यांतले मूठभर परसात जातात, बाकीचे फडक्यात मोड येण्यासाठी बांधले जातात, आणि दुसऱ्या दिवशी बोटाच्या चिमटीने साल सोलून, हाताला तो उग्र, किंचित कडवट वास लागून, त्यांचे बिरडे होते. दाण्यात काही फरक पडलेला नसतो. हात मात्र दोन दिशांना गेलेला असतो.

पण उदयनांचे उत्तर एका दाण्याच्या आयुष्यापुरतेच पुरते. पिढ्यानपिढ्यांच्या वालाला बौद्धांचा ‘संतान’ हा शब्दच जवळचा वाटतो, दाण्यामागून दाणा असा अखंड प्रवाह. मात्र हा प्रवाह आपोआप वाहत नाही, हे मला नुकसान सोसून कळले.

आई गेली त्या वर्षी घरात गॅस आलेला होता, चूल विझली होती, आणि बी राखेवाचून डब्यात भरले गेले. कडधान्यातला भुंगा शेतातच, शेंगेवर अंडी घालू लागतो. तो बियाबरोबरच घरात शिरतो, आणि दाण्यांमधल्या फटी राखेने बुजलेल्या असतील तरच त्याची हालचाल खुंटते. मी डबा उघडला तेव्हा प्रत्येक दाण्याला सुईने पाडावे तसे वाटोळे छिद्र होते आणि तळाशी पिठूळ भुसा. कित्येक पिढ्यांचा प्रवाह माझ्या हातात आटला होता.

तेव्हा शेजारच्या वाडीतल्या एका काकूंनी पदरातून ओंजळभर वाल आणून दिले. “तुझ्या आईचंच बी हे. आमचं पावसात कुजलं होतं, तेव्हा तिनंच दिलेलं.” त्यांतले दोनचार दाणे आमच्या वालाहून काळपट होते. वालाच्या फुलावर मधमाश्या येतात, आणि शेजारच्या वेलाचे पराग थोडेफार मिसळतात. तेव्हा शुद्धतेचा दाखला मागणाऱ्याने या बियाचा हक्क नामंजूर केला असता. मी तो मंजूर केला. जमिनीच्या बाबतीत जिला आपण वहिवाट म्हणतो, म्हणजे खरेदीखत हरवले तरी वर्षानुवर्षे कसत राहिल्याने सिद्ध होणारा संबंध, तीच या बियाची ओळख आहे असे मला वाटते. द्रव्य बदलते, थोडा वर्णही बदलतो. दरवर्षी भूक असतानाही काही दाणे बाजूला काढणे आणि काही दुसऱ्याच्या पदरात घालणे, एवढीच अखंडता. आईने काकूंना दिले नसते, तर तिचे बी तिच्याबरोबरच संपले असते.

२००१ च्या वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला बी राखण्याचा, पुन्हा पेरण्याचा आणि देवघेवीचा अधिकार दिला आहे, आणि अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावठी बियाणे जपले म्हणून त्यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली, याचा मला मनापासून आनंद आहे. मात्र तो अधिकार दरवर्षी कोणाला तरी हाताने बजावावा लागतो.

यंदा परसात दीड शेर वाल झाले. पाव शेर मडक्यात ठेवले, दोन ओंजळी दोन घरी दिल्या, उरलेले खाल्ले. राख काकूंच्या बंबातली आहे.