खेळातले इंग्रजी आणि घरची मराठी

परदेशी शिक्षकाच्या इंग्रजीच्या तासाला लहान मुले रमतात, याचे श्रेय सर्रास त्याच्या अस्सल उच्चारांना दिले जाते. वास्तविक ते बहुतांशी त्याच्या नाइलाजाला द्यावे लागेल, कारण मुलांची भाषा येत नसल्याने अर्थ पोहोचवण्यासाठी त्याच्याजवळ हावभाव, वस्तू आणि खेळ एवढीच साधने उरतात. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेम्स ॲशर यांची ‘संपूर्ण शारीरिक प्रतिसाद’ ही पद्धती, म्हणजे ऐकलेली सूचना अंगाने करून दाखवत भाषा शिकणे, याच तत्त्वावर उभी आहे: शिक्षक ‘टच द डोअर’ म्हणत स्वतः दाराला हात लावतो, मुले धावत जाऊन तसेच करतात, आणि तोंडाने इंग्रजी बोलण्याची सक्ती त्यांच्यावर बराच काळ होत नाही.

धाराशिव जिल्ह्याच्या दृष्टीने ही सवलत फार मोलाची आहे. महाराष्ट्राने २००० साली मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आणले, तरी इथल्या खेड्यातल्या मुलाच्या कानावर शाळेबाहेर, घरी वा आठवडी बाजारात, ती भाषा क्वचितच पडते. त्यातच भूम, वाशी, कळंब या तालुक्यांतली अनेक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघतात, मुलांची शाळा अर्ध्यावर सुटते, आणि फडावरून परतलेल्या मुलाला धड्यांची गाठ पुन्हा बसत नाही. करून दाखवण्याच्या खेळात मात्र ते पहिल्याच दिवशी इतरांच्या बरोबरीने उतरू शकते, कारण तिथे शेजारच्याकडे पाहून करणे ही नक्कल ठरत नाही, तेच शिकणे असते.

तथापि खेळाची धाव सूचना, वस्तूंची नावे आणि छोटी वाक्ये यांपर्यंतच असते. त्यापुढे वाचन लागते, आणि वाचनाची उमज, म्हणजे अक्षरांतून अर्थ निघतो ही खूणगाठ, मुलाला आपल्या भाषेतच सर्वांत लवकर पटते. फलटणला स्थायिक झालेल्या, पुढे भारतीय नागरिक बनलेल्या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ मॅक्सीन बर्नसन यांचे उदाहरण येथे विचारात घ्यावेच लागते. इंग्रजी ही मातृभाषा असूनही त्यांनी स्वतः मराठी आत्मसात केली, प्रगत शिक्षण संस्था उभारली, आणि तिच्या कमला निंबकर बालभवनात मराठी माध्यम धरून मुलांचे मराठी वाचन-लेखन पक्के करण्यावर भर दिला. परदेशी शिक्षकाने मुलांना याहून मोठे काय द्यावे?

धाराशिवच्या गावोगावच्या गुरुजींना आणि बाईंना ही मराठी उपजतच येते, मुलांची बोलीही ठाऊक असते. त्यांना हवी आहे ती करून दाखवण्याच्या तंत्राची सवय, त्यासाठी बाके बाजूला सारण्याची मुभा, आणि पहिली-दुसरीच्या इंग्रजीच्या तासाला वहीत काहीच उतरले नाही म्हणून जाब न विचारणारे अधिकारी.