घाटात एकटा, खाडीवर सोबत

घाटमाथ्यावरून एकट्याने मोटार हाकत कोकणातला समुद्रकाठ गाठणे ही आज स्वातंत्र्याची खूण मानली जात असली, तरी सह्याद्रीत ही कल्पना फार जुनी नाही. घाट, म्हणजे देश आणि कोकण यांना जोडणारी डोंगरवाट, ही शतकानुशतके सोबतीनेच ओलांडण्याची जागा होती. मीठ, सुकी मासळी आणि नारळ वर चढत आणि धान्य, गूळ खाली उतरे, ते ओझ्याच्या बैलांच्या तांड्यांबरोबर; नाणेघाटातला सातवाहनकालीन लेख आणि तिथला, जकातीचा मानला जाणारा दगडी रांजण हे त्याच रहदारीचे अवशेष आहेत. १८५७ साली वरसईहून उत्तर हिंदुस्थानाकडे निघालेले विष्णुभट गोडसेही काकांच्या सोबतीने निघाले होते. एकट्यादुकट्याने असा पल्ला मारणे हा त्या काळी अविचार ठरला असता. एकांताची ही चैन डांबराने, कठड्यांनी आणि मोटारीने दिली, म्हणजे तीही इतरांच्याच श्रमांतून आली, हे एकट्या प्रवासाच्या गोडव्यात सहसा सांगितले जात नाही.

महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १,३५० मीटर उंचीवर आहे आणि तिथून प्रतापगडाच्या कडेने आंबेनळी घाट उतरत पोलादपूर येईपर्यंत, अवघ्या ४० किलोमीटरच्या आसपास, ही बहुतेक सारी उंची संपते. याच माथ्यावर उगम पावणारी कृष्णा पूर्वेकडे वळून सुमारे १,४०० किलोमीटर वाहत बंगालच्या उपसागराला मिळते, तर सावित्री पश्चिमेचा कडा उतरून थोड्याच अंतरात बाणकोटच्या खाडीला जाते. मोटार सावित्रीची वाट धरते, पण गंमत अशी की या देखाव्यातले सर्वांत कमी त्या एकट्या चालकाच्याच वाट्याला येते. दरी शेजारी बसणाऱ्याने पाहायची असते. चालकाची नजर पुढच्या वळणाला, चिखल वाहून आलेल्या कडेला आणि वर येणाऱ्या एसटीला बांधलेली असते, कारण चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यावी लागते. ज्या गिअरमध्ये घाट चढायचा त्याच गिअरमध्ये तो उतरायचा, हा जुन्या चालकांचा नियम इंजिनालाच चाके मागे खेचून धरायला लावतो. तो मोडला तर सततच्या दाबाने ब्रेक तापतात आणि जळकट वास गाडीत शिरतो. कानांना दडे बसतात, हवा जड होते, काचेवर बाहेरून दमट धुके धरते. डोंगराची उंची अशा रीतीने डोळ्यांआधी तळपायाला आणि कानांना कळते, आणि हे ज्ञान निसर्गवर्णनांतल्या ज्ञानाहून कमी प्रतीचे मानण्याचे कारण नाही.

पोलादपूरनंतर खेड, दापोली आणि मग दाभोळ. एके काळी बहमनी आणि आदिलशाही राज्यांचे हे मोठे बंदर होते. इथे रस्ता संपतो, कारण समोर वाशिष्ठीची खाडी येते. खाडी म्हणजे नदीच्या मुखातून आत शिरलेले भरती-ओहोटीचे पाणी. पलीकडचे धोपावे डोळ्यांना दिसते, पण जमिनीवरून जायचे तर चिपळूणमार्गे मोठा वळसा पडतो. म्हणून फेरीबोट, जिला इथली माणसे जंगलजेटी म्हणतात. घाटात जो एकटाच गाडी हाकत आला त्याला इथे इंजिन बंद करून रांगेत उभे राहावे लागते, बोटीवरचा माणूस हाताने दाखवील तिथे, पुढच्या गाडीला जवळजवळ टेकवून, चाके लावावी लागतात. तांड्यातली सोबत निवडलेली असे, ही लादलेली असते. पण माणसाला माणसांत आणण्याचे काम दोन्ही करतात. रेवस ते रेडी या सागरी महामार्गासाठी खाड्यांवर पूल झाल्यावर वेळ वाचेल, आणि खाडीकाठच्या रुग्णाला किंवा विद्यार्थ्याला तो वेळ पर्यटकाच्या चिंतनाहून अधिक मोलाचा आहे, हे मान्यच करावे लागते. तोवर मात्र धोपाव्याच्या धक्क्याला बोट लागून लोखंडी फळी खाली येईपर्यंत एकट्या चालकाची गाडी मासळीच्या टोपल्या, दुचाकी आणि शाळेची दप्तरे यांच्या मधोमध उभी असते, आणि तिचे दार उघडायलाही शेजारच्याला जरा सरकायला सांगावे लागते.