ऋण कीं गरज?

कृतज्ञता कोठें संपते आणि निरुपाय कोठें सुरू होतो, हा नीतिशास्त्रांतील जुना प्रश्न आहे. आज आम्ही तो दोन क्षुद्र कीटकांपुढें ठेवणार आहों. वाचकांनीं नाक मुरडूं नये.

उत्तर अमेरिकेंतील ॲपलाचियन पर्वताच्या अरण्यांत, कुजत पडलेल्या ओंडक्यांत क्रिप्टोसर्कस पंक्च्युलेटस नांवाचें बिनपंखी झुरळ राहतें. त्या प्रदेशांतील रेटिक्युलिटर्मिस फ्लॅव्हिपेस ही वाळवीहि लांकूडच खाते. इंग्रजांनीं वाळवीस ‘पांढरी मुंगी’ म्हणून मुंग्यांच्या गोत्रांत घातलें होतें. तें गोत्र खोटें. वाळवी ही झुरळांच्याच कुळाची शाखा असून क्रिप्टोसर्कस हें तिचें सर्वांत जवळचें आप्त होय, असें २००७ मध्यें प्रसिद्ध झालेल्या आनुवंशिक संशोधनानें दाखविलें.

लांकूड पचवितात ते दोघांच्याहि आंतड्यांतील एकपेशी जीव. ते नाहींसे केले तर वाळवी लांकूड खात खात उपाशी मरते, हें क्लीव्हलंड या अमेरिकन शास्त्रज्ञानें १९२० नंतरच्या दशकांत सिद्ध केलें. १९३४ मध्यें त्यानें व त्याच्या सहकाऱ्यांनीं या झुरळावरहि ग्रंथ लिहिला. हे जीव अंड्यांतून मिळत नाहींत. वडीलधाऱ्यांच्या गुदद्वारांतून येणारा रस चाटूनच पिलांस ते लाभतात. वर्णन किळसवाणें खरें, पण वारसा म्हणावयाचा तो हाच!

फरक पडतो तो कात टाकतांना. झुरळाच्या वाढत्या पिलाच्या पोटांतील जीव त्या वेळीं स्वतःभोंवतीं कवच करून तगून राहतात. वाळवीचे मात्र आंतड्याच्या अस्तराबरोबर निघून जातात. दर खेपेस तिला घरच्यांपुढें पुन्हा तोंड वेंगाडावें लागतें. झुरळाचें जोडपें आपल्या पिलांना तीन-तीन वर्षें संभाळतें आणि मग तीं आपल्या वाटेनें जातात. वाळवीचीं बहुतेक मुलें कामकरी होऊन जन्मभर तेथेंच राबतात. पंख फुटतील तेवढींच बाहेर पडतात.

वाळवीच्या एकोप्याचे गोडवे गाणारे पुष्कळ आहेत. आम्हांस ती स्तुति पटत नाहीं. घर सोडतांच ज्याची उपासमार ठरलेली, त्याच्या घरीं राहण्यास निष्ठा कशी म्हणावी? अर्थात् झुरळहि कांहीं कर्मयोगी नव्हे. निवड त्यालाहि नाहीं. ती आहे मनुष्याला. तरीहि कित्येक सुशिक्षित घरांत मुलाला सर्व कांहीं दिलें जातें, फक्त दिलेलें त्याच्यापाशीं टिकूं नये अशी तजवीज असते. आणि मग तो घरीं राहिला कीं तिला पितृभक्ति म्हणतात. अशा मुलाचें प्रेम खरें कीं खोटें, हें त्याचें त्यालाहि सांगतां येत नाहीं. कारण दार उघडें असतें तर तो थांबला असता काय, हें पाहूं देण्याचें धैर्य कोणालाच झालेलें नसतें.