जॅकची पाटी

अमेरिकेत एक कंपनी होती. तिच्या दुकानांवर 'बर्गर किंग' अशी पाटी असे. धंदा जोरात होता. एके दिवशी कंपनीनं ठरवलं, आता ऑस्ट्रेलियात जायचं.

तिकडे तिला जॅक नावाचा एक कॅनेडियन माणूस मिळाला. धडपड्या होता. कंपनीनं त्याला फ्रँचायझी दिली. सगळं जमत आलं आणि पाटीपाशी घोडं अडलं. अॅडलेड शहरातल्या एका खाद्यपदार्थांच्या दुकानानं तेच नाव आधीच आपल्या नावावर करून घेतलं होतं. दुकान लहान, पण कागद पक्का. अमेरिकेतल्या गर्दीची तिथल्या दफ्तरात कुठेच नोंद नव्हती.

कंपनीनं मग जॅकपुढे दुसऱ्या नावांची यादी ठेवली. त्यात 'हंग्री जॅक' हे नाव होतं. ते खरं तर कंपनीची मालक असलेल्या पिल्सबरीच्या पॅनकेक पिठाचं. आपलंच नाव त्यात पाहून जॅकला गंमत वाटली असेल. त्यानं तेच उचललं आणि 1971 मध्ये पर्थला 'हंग्री जॅक्स'चं पहिलं दुकान उघडलं.

वर्षं गेली. तिथली मुलं तीच पाटी बघत मोठी झाली. 1990 च्या दशकात अॅडलेडच्या दुकानाच्या नावनोंदणीची मुदत संपली. कंपनीला आनंद झाला. तिनं स्वतःच्या नावाची दुकानं थाटली. एकाच देशात एकाच चवीच्या दोन पाट्या झाल्या! करारावरून जॅकशी भांडण जुंपलं, ते कोर्टात गेलं आणि 2001 मध्ये अपिलातही जॅक जिंकला. पुढे दोनेक वर्षांत कंपनीच्या पाट्या उतरल्या आणि त्या जागी जॅकच्या लागल्या.

ट्रेडमार्कची नोंदणी देशाच्या वेशीपाशी थांबते. घरी कमावलेला लौकिक परक्या दफ्तरात आपोआप चढत नाही; तिथे वेगळी नोंद करावी लागते, तीही वेळेत. मसाले, लोणची, पापड परदेशी धाडणाऱ्या आपल्या उद्योजकांसाठी ही वाट आता सोपी आहे. भारत 2013 मध्ये ट्रेडमार्क नोंदणीच्या माद्रिद व्यवस्थेत सामील झाला. इथे केलेल्या अर्जाच्या किंवा नोंदणीच्या आधारावर एकाच अर्जात अनेक देश निवडता येतात. मान्यता मात्र प्रत्येक देश आपापली देतो. तेव्हा माल बोटीवर चढण्याआधी तो अर्ज करा.