आधी कान, मग प्रार्थना

ग्वाल्हेरला ऐकण्याची थोरवी नव्याने पटवून द्यावी लागत नाही. दौलतराव शिंद्यांच्या दरबारी बडे मोहंमद खाँ गात. त्यांची तान गळ्यात उतरावी म्हणून हस्सू खाँ आणि हद्दू खाँ हे गवई बंधू पडद्याआड बसून महिनोन् महिने ऐकत राहिले, अशी आख्यायिका आहे. पुढे हीच गायकी शिकायला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर वासुदेवबुवा जोशींकडे आले आणि ती महाराष्ट्रात पोचली. या गावात गाणे कानापासून सुरू होते. प्रार्थना कुठून सुरू होते, हा प्रश्न इथल्या ख्रिस्ती माणसाने स्वतःला विचारायला हवा.

आपली बहुतेक प्रार्थना म्हणजे बोलणे असते. मुलाची नोकरी, मुलीचे लग्न, घरातले आजारपण असे एकेक मागणे मांडायचे आणि ‘आमेन’ म्हणताच उठायचे. मागण्यात गैर काही नाही. पण देवाला बोलायला आपण वेळ कधी देतो? पवित्र शास्त्रातल्या लहानग्या शमुवेलाला रात्री हाक येते. याजक एलीने बोलावले असे समजून तो तीनदा त्याच्याकडे धावतो. ती हाक देवाची आहे, हे ओळखतो म्हातारा एली. शमुवेलाला पुढे जे ऐकू येते, ते एलीच्याच घराण्याविरुद्धचे असते. तरी सकाळी एली त्याला सांगतो, काहीही लपवू नकोस. माझ्या मते या कथेतला खरा ऐकणारा एली आहे. आपल्याला दोष देणारे शब्दही जो पुरते ऐकून घेतो, त्याचीच साधना पक्की.

मराठी ख्रिस्ती मंडळीला हे परके नाही. नवविधा भक्तीत श्रवणाचा मान पहिला आहे. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी कीर्तन आणि भजन ख्रिस्ती उपासनेत रुजवले. कीर्तनात श्रोता नुसता बसून राहत नाही. ध्रुवपद उचलतो, टाळी धरतो, ऐकलेले गुणगुणत घरी नेतो. ऐकणे हे अंगमेहनतीचे काम आहे, ही त्या परंपरेची शिकवण.

खरी कसोटी मात्र घरी लागते. आजाऱ्याच्या भेटीला आपण जातो. खाटेवरची बाई मुलाबद्दल सांगू लागते, मध्येच अडखळते, पदराने डोळे टिपते. तेवढ्यात आपण म्हणतो, “देव सगळे नीट करील, बाई,” आणि शास्त्र उघडतो. तिचे वाक्य अर्धेच राहते. जर्मन पाळक डीट्रिश बॉनहॉफर यांनी १९३९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘सामायिक जीवन’ या पुस्तकात ऐकणे ही बंधुजनांची पहिली सेवा मानली. जो माणसाचे ऐकत नाही, तो हळूहळू देवाचेही ऐकेनासा होतो, असा त्यांचा इशारा होता.

पण ऐकून गप्प बसणे ही साधना नव्हे. मारहाण सोसणारी सून आपल्यापाशी बोलली, तर पुढे तिच्या बाजूने उभे राहणे त्या ऐकण्यातच येते. शमुवेलालाही सकाळी बोलावेच लागले.

या नाताळात घरोघरच्या भेटींना जाल, तेव्हा प्रार्थनेआधी थोडा वेळ बसा. विचारा, “कसे चालले आहे?” उत्तर पूर्ण होऊ द्या. सल्ला मागितला तरच द्या. मग प्रार्थना करा; तिच्यात त्या घराचे दुःख नेमक्या शब्दांत येईल.